मिरगाचा मरळ

हैदराबादमध्ये चिक्कडपल्लीहून रामनगरच्या दिशेने निघाले की मुशीराबादचा मासळीबाजार फार लांब नाही. वर्षभर तिथे रविवारची गर्दी ठरलेली असते, पण जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर एक दिवस असा येतो की रविवारही फिका पडावा. सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तो हा दिवस. तेलुगू पंचांगात ही मृगशिरा कार्ती, तेलंगणाच्या बोलीत मिरगम. या दिवशी मासा पोटात गेला की पावसाळ्याची दुखणी लांब राहतात, अशी इथली जुनी समजूत. त्यामुळे एरवी महिना-महिना मासळीकडे न फिरकणारी घरेही पहाटे पिशवी घेऊन बाजारात उभी असतात. कोकणातला माणूस मिरगाला कोंबडा कापतो. तेलंगणातला मासा आणतो. त्याच सुमारास, १ जूनपासून, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौका पावसाळी बंदीमुळे दोर बांधून उभ्या असतात. समुद्राचा बाजार थंडावतो तेव्हा तळ्यांचा बाजार तापतो.

या बाजारात दोन प्रकारची मासळी दिसते. रोहू, कटला, मृगळ बर्फावर आडवे पडलेले. आणि निळ्या ड्रममध्ये, वीतभर पाण्यात, एकमेकांवर वेटोळी घालून वळवळणारा काळपट मासा. तो मरळ. गिऱ्हाईक बोटाने दाखवतो, विक्रेता हात घालून नेमका तोच बाहेर काढतो, मासा शेपटीचा फटका मारतो आणि आजूबाजूच्या चार जणांच्या कपड्यांवर पाणी उडते. कोणी तक्रार करत नाही. फटका मारला म्हणजे माल खरा. हाच मासा मेलेला असेल तर त्याचा भाव घसरतो, आणि जाणते गिऱ्हाईक त्याला हातही लावत नाही.

मरळ मराठवाड्याला आणि विदर्भाला नवा नाही. गोदावरीच्या डोहांत, भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. लांबट अंग, चपटे डोके, डोक्यावर सापासारखे मोठे खवले, तोंडात बारीक पण धारदार दात. तेलुगूत त्याला कोर्रमीनू म्हणतात, आणि तेलंगणाने २०१६ मध्ये त्याला राज्याचा मासा ठरवले. पाटीवर नाव एक असले तरी त्याखाली दोन-तीन जाती विकल्या जातात. अंगावर आडवे पट्टे असलेला मध्यम आकाराचा मरळ बाजारात सर्वांत जास्त दिसतो. मोठ्या जलाशयांत आणि नद्यांत राहणारा थोरला मरळ मीटरभराच्या पुढे वाढतो. डबक्यातला ठिपकेदार मरळ मात्र वीतभरच राहतो.

त्याचा भाव, त्याची कीर्ती आणि त्याला पकडण्याची रीत, तिन्ही एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. हा मासा हवेत श्वास घेतो.

कल्ले मरळालाही आहेत, पण त्यांवर त्याचे भागत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्याला रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या पोकळ्या असतात. दर काही मिनिटांनी तो वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. ही त्याची हौस नव्हे, गरज आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी येण्याची वाट बंद केली तर पूर्ण वाढलेला मरळ पाण्यातच गुदमरतो. पाण्यात बुडून मरणारा मासा हे ऐकायला विनोदी वाटते, पण प्रयोगशाळेत ते तपासून झालेले आहे. उलट अंग ओले राहिले तर पाण्याबाहेर तो तासन्‌तास तग धरतो. उन्हाळ्यात तळे आटले की चिखलात शिरून बसतो. पहिल्या पावसात ओल्या गवतातून सरपटत शेजारच्या पाण्यात जातो. दख्खनच्या पठारासारख्या, आठ महिने कोरड्या राहणाऱ्या मुलखात तळ्यातल्या माशाने आणखी काय शिकायचे?

गळ टाकणाऱ्याला हा श्वास फार उपयोगी पडतो. रोहू तळाशी कुठे आहे ते पाण्यावरून कळत नाही. मरळ मात्र आपला पत्ता स्वतःच सांगतो. शेवाळाच्या कडेला, कमळाच्या पानांमध्ये ‘ग्लप’ असा आवाज होतो, एक वर्तुळ उमटते आणि विरते. अनुभवी माणूस ते वर्तुळ बघतो, पुढच्या श्वासाची वाट बघतो, आणि त्या दोन जागांच्या मधोमध आमिष सोडतो.

आमिष जिवंत हवे. मरळ मेलेले अजिबात खात नाही असे नाही, पण त्याचा स्वभाव दबा धरून झडप घालण्याचा आहे. पाणी गढूळ असेल तर डोळे फारसे कामाला येत नाहीत. अशा वेळी माशाच्या कुशीवरून जाणारी संवेदनांची रेषा काम करते. पाण्यातली बारीकशी थरथर ती टिपते. धडधाकट मासा सरळ पोहतो आणि त्याची थरथर एका लयीत असते. अडकलेला, धडपडणारा जीव लय मोडतो. शिकाऱ्याला ही मोडलेली लय म्हणजे जेवणाचे बोलावणे. कितीही सुंदर रंगवलेले प्लास्टिकचे मासे बाजारात आले तरी जिवंत आमिषाची किंमत अजून उतरलेली नाही ती यामुळेच.

आमिष म्हणून बोटभर चिलापी, छोटी कोळशी किंवा बेडूक वापरतात. चिलापी म्हणजे तिलापिया. हा आफ्रिकेचा पाहुणा १९५२ मध्ये भारतात आला आणि आता शहरातल्या प्रत्येक घाण तळ्यात त्याचीच वस्ती आहे, त्यामुळे आमिषाला तोटा नाही. जिवंत चिलापी गळाला लावण्याच्या तीन जागा. दोन्ही ओठांतून गळ घातला तर दोरी ओढताना ती सरळ पोहते. पाठीच्या पराच्या मागे, कण्याच्या वरच्या मांसात घातला तर एका जागी राहून ती गोल-गोल धडपडते, आणि साचलेल्या पाण्यात हीच तऱ्हा चालते. शेपटीजवळ घातला तर ती सारखी दूर पळू बघते, म्हणजे आमिष स्वतःच शेवाळाखाली शिरते. कण्याला गळ लागला की खेळ संपला, मेलेल्या आमिषाचे काही खरे नाही. दोरीच्या टोकाला वीतभर तार लावतात, कारण मरळाचे दात साधा तंगूस कापून टाकतात. वर बूच, खाली जमलेच तर शिशाचा लहानसा गोळा. मरळासाठी खोल जायचे नसते, त्यामुळे बरेच जण शिसे लावतच नाहीत.

नवशिक्याची फजिती पुढे होते. बूच बुडते आणि तो लगेच झटका मारतो. मरळ आधी आमिष नुसते तोंडात धरतो, थोडा बाजूला जातो, मग ते फिरवून डोक्याकडून गिळतो. पहिल्या ओढीला झटका दिला तर हातात अर्धी चिलापी येते. दोरी सैल सोडून थांबायचे आणि दुसऱ्यांदा, संथपणे, दोरी चालू लागली की मग काठी उचलायची.

रात्रीची रीत वेगळी. काठाने हातभर अंतरावर बांबूच्या काठ्या रोवायच्या, प्रत्येकीला आखूड दोरी, आणि गळाला लावलेला बेडूक असा टांगायचा की त्याचे पाय पाण्याला जेमतेम लागावेत. बेडूक पाय झाडतो, पाण्यावर टपटप होते. पहाटे येऊन काठ्या तपासायच्या. आंध्र-तेलंगणापासून बंगालपर्यंत ही पद्धत चालत आली आहे. ती प्रभावी आहे यात शंका नाही आणि बेडकाच्या बाजूने पाहिले तर भयंकर आहे यातही नाही.

सगळ्यांत सोपी, आणि म्हणूनच वाईट, शिकार पिलांच्या मागावर होते. मरळाची मादी शेवाळ बाजूला सारून केलेल्या मोकळ्या जागेत अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. त्यातून निघालेली पिले पहिले काही आठवडे नारिंगी-लाल असतात, आणि त्यांचा शेकड्यांचा पुंजका एकत्र श्वास घ्यायला वर येतो तेव्हा पाणी उकळल्यासारखे दिसते. खाली आई-बाप पहाऱ्याला असतात. या काळात भूक असो-नसो, पिलांच्या पुंजक्यात शिरलेल्या कुठल्याही गोष्टीवर ते तुटून पडतात. बेडूक टाकला की राखणारा मरळ गळाला लागतोच. मग राखण गेली, आणि उरलेली पिले चिलापीपासून बगळ्यापर्यंत सगळ्यांचे खाद्य. जुने जाणते मच्छीमार लाल पुंजका दिसला की त्या कोपऱ्यात गळ टाकत नाहीत, कारण पुढच्या वर्षी त्याच तळ्यावर त्यांचे पोट असते. रविवारच्या हौशी माणसाला ही अडचण नसते.

गळाने मासा धरण्याचे शास्त्र या भागात साहेबाने आणले, असा एक समज आहे. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ चे. पुढे १८८७ मध्ये त्याने भारतातल्या तळ्यांवरच्या गळाच्या शिकारीवर दुसरे पुस्तक लिहिले. पण हैदराबादच्या पश्चिमेला, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असलेल्या कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी वाचकाला तो माहीत असतो त्यातल्या जुन्या मराठी ओळींसाठी. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये तो छापून आला आणि त्याचे संपादकही मराठी, श्रीगोंदेकर. या ग्रंथात राजाच्या करमणुकींचा मोठा भाग आहे, आणि त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे.

समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले मासे, त्यांच्या जाती, कोण कुठे राहतो, कोणाला काय चारून एका जागी जमवायचे, दोर कसा असावा, गळ कसा टाकावा, असा सगळा तपशील सोमेश्वराने दिला आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला. पुढे सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनच्या अभ्यासकांनीही त्याचा पाठपुरावा केला. राजा स्वतः काठावर बसून गळ टाकत होता की चाकरमाणसांकडून टाकवत होता, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण ज्याने हे लिहिले किंवा लिहवून घेतले त्याला मासे शाकाहारी-मांसाहारी असतात आणि प्रत्येकाची भूक वेगळी असते हे पक्के ठाऊक होते. थॉमससाहेबाच्या साडेसातशे वर्षे आधी.

शहरातल्या पाण्यात मोठा शिकारी मासा जिवंत आमिषावर धरायचा, हा खेळ ऑस्ट्रेलियातही गाजतो. तिथला मासा मलोवे. पर्थच्या स्वान नदीत, मेलबर्नच्या यारात, सिडनीजवळच्या हॉक्सबरीत, पुलांच्या दिव्यांखाली, भरती-ओहोटी पालटते त्या वेळी लोक जिवंत बोई किंवा बांगड्याच्या नात्यातले छोटे मासे लावून रात्र जागवतात. मलोवे समुद्रातून खाडीत आणि खाडीतून शहरात येतो, पावणेदोन मीटरपर्यंत वाढतो. हैदराबादेत त्याचा संभव नाही, कारण इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. त्याचा चुलत भाऊ मात्र मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा आहे. घोळ. दोघे एकाच कुळातले. २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या मच्छीमारांना एका फेरीत १५७ घोळ मिळाले आणि ते सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांना गेले, ही बातमी देशभर झाली. पैसा मांसाचा नव्हता, पोटातल्या हवेच्या पिशवीचा होता. मरळाचेही मोल त्याच्या हवेच्या पोकळीमुळेच आहे, फरक इतकाच की घोळाची पिशवी मेल्यावर विकली जाते आणि मरळाची तो जिवंत असेपर्यंतच.

जिवंत माशाला गळ टोचून दुसऱ्या माशापुढे टाकणे बरोबर आहे का, हा प्रश्न युरोपात कायद्यापर्यंत गेला. जर्मनीत जिवंत मासा आमिष म्हणून वापरायला बंदी आहे, स्कॉटलंडमध्येही गोड्या पाण्यात कणा असलेला कुठलाही जिवंत प्राणी आमिषाला लावता येत नाही. दुसरे कारण रोगराईचे. एका तळ्यातली आमिषाची बादली दुसऱ्या तळ्यात रिकामी झाली की नको ते मासे आणि रोग तिकडे पोहोचतात. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ‘प्राणी’ या शब्दात माणूस सोडून प्रत्येक सजीव धरला आहे, पण गळाच्या आमिषापर्यंत त्याचा हात कधी फारसा पोहोचलेला नाही. बेडकांचे थोडे वेगळे. त्यांच्या तंगड्या परदेशी पाठवण्याचा धंदा इतका वाढला की १९८७ मध्ये सरकारला निर्यात बंद करावी लागली.

चिक्कडपल्लीत आज गळ टाकायला जागा कुठे आहे? सिनेमागृहे, शहर मध्यवर्ती ग्रंथालय, स्पर्धा परीक्षांचे वर्ग आणि त्यांच्या आसपासची पोरांची गर्दी, अशी या भागाची ओळख. पण त्याच्या अंगावरून एक नाला जातो. तो मुळात नाला नव्हता, हुसेनसागरच्या सांडव्याचा प्रवाह होता. इब्राहिम कुतुबशहाच्या काळात, १५६२ च्या सुमारास, हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली हुसेनसागर बांधला गेला. मुसी नदीचे पाणी कालव्याने त्यात आणले होते. तळे भरले की जादा पाणी खाली दोमलगुडा, अशोकनगर, चिक्कडपल्लीच्या बाजूने वाहत अंबरपेठेकडे मुसीला मिळे. दख्खनमधल्या तळ्यांची रचनाच अशी असे: वरचे तळे सांडले की खालचे भरते. पावसाळ्यात मरळ याच वाटांनी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जात.

आता त्या वाटेला दोन्ही बाजूंनी भिंती आहेत आणि मधून सांडपाणी वाहते. २४ ऑगस्ट २००० रोजी एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस झाला तेव्हा या नाल्याने काठच्या वस्त्यांत शिरून आपली जुनी रुंदी दाखवून दिली. हुसेनसागर एकेकाळी शहराला पिण्याचे पाणी देत होता. कुकटपल्लीकडच्या कारखान्यांचे आणि वस्त्यांचे पाणी त्यात येऊ लागल्यापासून तिथे उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा थर लागल्याच्या बातम्या येतात. पाण्यातला प्राणवायू संपला की रोहू-कटला आधी जातात. मरळ आणि चिलापी टिकतात: मरळ वरून हवा घेतो म्हणून, चिलापी कशातही जगते म्हणून. पण टिकलेला मासा खाण्याजोगा असतो असे नाही. जड धातू माशाच्या अंगात साठत जातात, आणि दुसऱ्या माशांना खाणाऱ्या शिकाऱ्याच्या अंगात काही धातू आणखी वाढतात. म्हणून हैदराबादचे जाणते गळवाले हुसेनसागर टाळून शामीरपेठ किंवा गंडीपेठेच्या बाजूला जातात. मुशीराबादच्या बाजारातला, ड्रममधला मरळही बहुतेक जिल्ह्यांतल्या तलावांतून किंवा शेततळ्यांतून आलेला असतो.

मिरगाच्या दिवशी मरळाची आणखी एक रांग लागते, ती नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर. दूधबावलीच्या बत्तिनी घराण्यातली माणसे दम्याच्या रोग्यांना पिवळसर वनस्पतींचा गोळा देतात. हा गोळा दोन-तीन इंचांच्या जिवंत मरळाच्या तोंडात भरतात आणि मासा तसाच रोग्याच्या घशात सोडतात. १८४५ मध्ये एका साधूने पूर्वजाला ही विद्या दिली, असे घराणे सांगते. मत्स्यव्यवसाय खाते पिलांचा पुरवठा करते. सोलापूर, लातूर, नांदेडकडूनही माणसे गाडीने येतात. शाकाहारी लोकांना तोच गोळा गुळात मिळतो. मरळच का, याचे घराण्याकडे उत्तर आहे: वळवळत खाली जाताना तो कफ साफ करतो. वैद्यकाला यात काही तथ्य आढळलेले नाही. जन विज्ञान वेदिका या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली, प्रकरण न्यायालयात गेले आणि ‘औषधा’चा ‘प्रसाद’ झाला. प्रसादाची चाचणी कोण मागणार? कोविडमुळे तीन वर्षे खंड पडला, २०२३ मध्ये रांग पुन्हा लागली. हवेत श्वास न घेणारा दुसरा कुठलाही मासा इतके तास प्लास्टिकच्या पिशवीतल्या घोटभर पाण्यात, हजारोंच्या गर्दीत, वळवळत राहिला नसता. परंपरा टिकली ती माशाच्या दमामुळे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

मरळ औषधी असल्याचा समज हैदराबादपुरता नाही. चीन आणि आग्नेय आशियात आजारातून उठलेल्याला मरळकुळातल्या माशाचे सूप देतात. त्या सुपाने २००२ मध्ये अमेरिकेत गोंधळ उडवला. मेरिलँडमधल्या क्रॉफ्टन गावी एका माणसाने आजारी बहिणीसाठी न्यूयॉर्कहून जिवंत मासे मागवले होते. बहीण आधीच बरी झाली, तेव्हा त्याने जोडी गावच्या तळ्यात सोडली. मासे चीनमधल्या मरळाच्या जातीचे. दोनाचे शेकडो झाले, वर्तमानपत्रांनी ‘चालणारा मासा’ म्हणून आरडाओरड केली आणि सरकारने विष टाकून अख्खे तळे मारले. दोन वर्षांनी तीच जात पोटोमॅक नदीत सापडली आणि आता तिथे घरच्यासारखी आहे.

आपल्या थोरल्या मरळाचा एक भाईबंदही अमेरिकेत पोहोचला आहे. २००० मध्ये तो फ्लोरिडातल्या टॅमरॅक या उपनगरात दिसला आणि तिथल्या कालव्यांत पसरला. बंगल्यांच्या मागच्या या कालव्यांवर लोक सकाळी रबरी बेडूक फेकतात, आणि तो पाण्यावर टपटपत आला की मरळ खालून तसाच झडप घालतो. पुढचे मात्र मुशीराबादच्या बाजाराच्या उलट आहे. परवान्याशिवाय तिथे जिवंत मरळ जवळ बाळगता येत नाही, आणि गळाला लागलेला मरळ पुन्हा पाण्यात न सोडता काठावरच मारून बर्फात घालावा, असे तिथले वन्यजीव खाते लोकांना सांगते.